चंडीगडच्या चौकात आधी कोण?

चंडीगडला पहिल्यांदा गेलेल्या मराठी माणसाला तिथल्या रस्त्यांचा हेवाच वाटतो. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने १९५१ पासून हे शहर आखताना रस्त्यांचे सात प्रकार ठरवले. व्ही-३ हा सेक्टरभोवतीचा वेगवान रस्ता, त्यावर एकाही घराचे फाटक उघडत नाही. व्ही-७ मात्र हिरवळीतून जाणारी निव्वळ पायवाट. सायकलींचा व्ही-८ पुढे जोडला गेला.

सेक्टरच्या आत आजीबाई निर्धास्त चालतात. पण शेजारच्या सेक्टरात जायचे, तर व्ही-३ ओलांडावाच लागतो! रस्ता रुंद व सरळ, त्यामुळे वाहनांना वेग आपोआप येतो. पायी चालणाऱ्याची खरी परीक्षा इथेच.

दुसरी परीक्षा गोल चौकांची. मध्य मार्ग आणि जन मार्ग मिळतात तो मटका चौक सर्वांच्या परिचयाचा. चौकात आधीच फिरत असलेल्या वाहनाला वाट द्यायची, असे २०१७ चे नियम सांगतात. व्यवहारात मोठी गाडी आधी घुसते. बाहेर पडताना मोटारवाला डावीकडे वळतो, तेव्हा त्याच बाजूने येणारा स्कूटरस्वार किंवा सायकलवाला त्याला दिसत नाही. आरशात एक नजर टाकायला कितीसा वेळ लागतो? दुचाकीवाल्यानेही मोटारीच्या डावीकडून घुसण्याची घाई करू नये. हेल्मेट डोके वाचवील, पाय नव्हे.

सेक्टर २३ मध्ये मुलांसाठी वाहतूक उद्यान आहे. तिथे झेब्रा पट्ट्यांचा धडा गिरवलेली मुले घरी जाताना मागच्या सीटवर बसलेली असतात, आणि बाबा पट्ट्यांपाशी थांबतात का, ते बघत असतात.