मैनेचे मौन आणि जात्यावरची कैफियत

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडे उतरणारी वेण्णा ज्या गावाशेजारून वाहते, ते मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठाणे. आणि तहसील कचेरी, एस.टी.चे आगार, भोवतीच्या वाड्यावस्त्यांतून कामकाजासाठी येणाऱ्या माणसांचा राबता ही त्याची नित्याची ओळख असली, तरी या मुलखाची खरी हकीकत सरकारी दप्तरात जितकी सापडते त्याहून अधिक ती गाण्यात सापडते. उतारावरची नाचणी-वरीची तुटपुंजी जमीन, चार महिने कोसळणारा पाऊस आणि भावाभावांत वाटण्या होऊन उरलेले तुकडे, यांच्या बळावर कुटुंब पोसणे अशक्य झाले तेव्हा येथला कर्ता पुरुष मुंबईस गेला; गिरणगावात साच्यावर उभा राहिला, गोदीत आणि मस्जिद बंदरच्या पेठेत त्याने डोक्यापाठीवर ओझी वाहिली. याच सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या अण्णासाहेब पाटलांनी अशा हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तोवर त्याच्या श्रमाला ना नोंद होती, ना निवृत्तीची तरतूद. घर, शेत, गोठा आणि म्हातारी माणसे मात्र गावी उरलेल्या स्त्रीच्या अंगावर पडली. या ताटातुटीची दोन गाणी आहेत, एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे. आणि ती एकमेकांशेजारी ठेवून वाचल्यावाचून दोहोंपैकी एकाचाही अर्थ पुरता उलगडत नाही, असे माझे मत आहे.

पुरुषाचे गाणे सर्वांच्या परिचयाचे आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जन्मली आणि शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती मैदानोमैदानी पोहोचविली. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी झाला. वाळवे तालुक्यातले ते गाव आज सांगली जिल्ह्यात मोडत असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून तो भाग वेगळा निघेपर्यंत ते सातारा जिल्ह्यातच होते, आणि म्हणून जावळीकरांनी अण्णा भाऊंना आपल्या जिल्ह्याचे कवी म्हटले तर त्यात वावगे काही नाही. बालपणी वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेल्या, मोलमजुरी आणि गिरणी यांत वाढलेल्या या पुरुषाने १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. आणि त्या कलापथकावर मुंबई सरकारने मनाई हुकूम बजावावेत, इतके बळ त्या गाण्यांत होते.

ही छक्कड वरवर पाहता विरहगीत आहे. नायक मैनेचे रूप वर्णितो, गरिबीने घडविलेली ताटातूट सांगतो, निघताना तिची समजूत काढण्यासाठी अंगभर दागिन्यांची आश्वासने देतो आणि मुंबईत येऊन पाहतो तो खिसा रिकामा. येथपर्यंत शृंगार आणि करुण यांची जुनी लावणीपरंपराच बोलते आहे असे वाटते. परंतु पुढे मुंबईचे वर्णन येते आणि गाण्याची चाल एकाएकी बदलते: यंत्रे, मोटारी, तलम वस्त्रे, जगणारे आणि मरणारे, शेंडीवाले आणि दाढीवाले अशी एक लांबलचक यादी आपल्यासमोर वाहू लागते, आणि श्रीमंती व दारिद्र्य एकाच दमात उच्चारले गेल्यामुळे कवीने स्वतः टीका न करताही टीका होऊन जाते. त्यानंतर कवी सांगतो की, जी गत माझी व मैनेची, तीच या खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी हा मराठी मुलूख राज्याबाहेर राहिला, जशी ती गावावर राहिली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या सबंध कालखंडात या एका उपमेने जेवढे राजकीय शिक्षण घडविले, तेवढे कित्येक ठरावांनी आणि निवेदनांनी घडविले नसेल.

या गीताचा अर्थ लावताना अनेकदा असे सांगितले जाते की, मैना हे केवळ प्रतीक आहे आणि खरा विषय सीमाप्रश्नाचा. मला हे वाचन अपुरे वाटते. मैना जर नुसते रूपक असती, तर ज्या गिरणी कामगारासमोर हे गाणे म्हटले गेले त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहण्याचे कारण नव्हते. त्याची बायको खरोखरच वाळव्यात, पाटणात, जावळीत होती; सभेत बसलेला माणूस आधी आपले दुःख ओळखतो आणि मग त्या ओळखीच्या आधारे, कधीही न पाहिलेल्या बेळगावचे दुःख आपलेसे करतो. क्रम येथे फार महत्त्वाचा आहे. घरातून राज्याकडे जाण्याची वाट अण्णा भाऊंनी दाखविली. राज्यासाठी घर विसरा असे त्यांनी कोठेही म्हटले नाही.

अण्णा भाऊंच्याच तालुक्याच्या मातीतून निघालेला आणखी एक कवी येथे आठवतो. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, हे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. त्यांनी मुंबईवर लावणी रचली, आणि अण्णा भाऊंनीही रचली. बापूरावांची मुंबई नवलाची, दिपवून टाकणारी नगरी आहे. अण्णा भाऊंच्या लावणीत उंचावरचा मलबार हिल आणि त्याखालची कष्टकऱ्यांची वस्ती समोरासमोर उभी आहे. एकच शहर, एकच रचनाप्रकार, आणि जन्मगावेही एकाच तालुक्यातील. अंतर आहे ते शहराकडे कोठून पाहिले यात. ज्याला गीताचा सामाजिक आशय शोधावयाचा आहे त्याने प्रथम गाणाऱ्याची जागा शोधावी, हा धडा या दोन लावण्या फार स्पष्टपणे देतात.

आता मैनेकडे वळू. त्या छक्कडीत ती सुंदर आहे, हळवी आहे, वाट पाहणारी आहे. परंतु ती बोलत नाही. तिचे बोलणे जात्यावर आहे. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत, खुंटा एकत्र धरीत, एकीने ओवी उचलली की दुसरी ती पुढे नेई. आणि दिवसभर ज्या घरात तिला मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, त्याच घरात, त्याच सासूच्या कानांवर पडेल अशा आवाजात, ती आपली कैफियत मांडी. दळणाचे काम थांबत नाही तोवर ओवीलाही कोणी थांबवीत नसे. नवऱ्याचे नाव न घेता त्याला राया किंवा हौशा म्हणावयाचे, तक्रार जात्याला देव मानून त्याच्यापाशी करावयाची, सीतेचा वनवास गाताना आपला सासुरवास गावयाचा, ही त्या काव्याची रीत आहे. आणि तिच्या आडून किती धारदार साक्ष दिली जाते, हे कान देऊन ऐकणारालाच कळते.

एक उदाहरण घेऊ. जात्यावरच्या ओव्यांत भावाची स्तुती अपार आहे: त्याचे घोड्यावरून येणे, त्याने आणलेली चोळी, गावाच्या वेशीत त्याची वाट पाहणे. वाचणारे यास बहिणीची माया म्हणतात आणि पुढे जातात. माया आहेच. परंतु बापाच्या जमिनीत जिला वाटा नाही, सासरी जिचे नाव सातबारावर नाही, तिला विपत्काळी उभे राहावयास माहेरचा उंबरठा एवढाच आधार होता, आणि तो उंबरठा बापामागे भावाच्या मर्जीवर अवलंबून होता. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिल्यानंतरही बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवीत राहिल्या, याचे कारण कायद्याच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. ते त्या भावाच्या ओव्यांत आहे. ती स्तुती माया आहे आणि अर्जही आहे, आणि दोहोंना वेगळे करण्याचा अट्टहास करणारा अर्थकार त्या स्त्रीवर अन्याय करतो असे मला वाटते.

तसेच विरहाचे. मुंबईस गेलेल्या धन्याविषयीच्या ओवीत दागिन्यांपेक्षा खुशालीच्या पत्राची, मनिऑर्डरीची आणि परतण्याच्या दिवसाची चिंता अधिक असते. त्याच्या गाण्यातली मैना रूपवती. तिच्या गाण्यातली ती स्वतः मात्र नांगरणीला बैल मागत फिरणारी, आजारी सासऱ्याला औषध देणारी, लेकराला बापाचा चेहरा आठवून देणारी आहे. अण्णा भाऊंच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांनी पुरुषाचे अर्धे दुःख प्रामाणिकपणे गायिले. उरलेले अर्धे ज्यांनी गायिले त्यांची नावे आपण टिपून घेतली नाहीत, हा दोष आपला आहे.

तो दोष काही अंशी दूर करण्याचा उद्योग पुण्यातून झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. गाणारीचे नाव आणि गाव लिहून घेतले, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने त्या लोकांसमोर आणण्यास आरंभ केला. या कामाचे मोल मी फार मोठे मानतो, कारण ओवीला नाव लाभताच ती लोकसाहित्याच्या अनामिक ढिगातून उठते आणि एका हयात व्यक्तीची जबानी होते. ओवी कोणी, कोणत्या वयात, कोणासमोर म्हटली हे कळल्यावाचून तिचा अर्थ करणे म्हणजे साक्षीदाराला न पाहता निकाल देणे होय.

पिठाची गिरणी आली आणि स्त्रीचे मोठे कष्ट वाचले. ते वाचले याचा आनंदच मानला पाहिजे, जाते पुन्हा फिरावे अशी इच्छा कोणा सहृदयाने धरू नये. पण गळा अजून आहे. मेढ्याच्या भोवती, वेण्णेच्या आणि कोयनेच्या खोऱ्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गाव गेल्यामुळे दूरच्या जिल्ह्यांत वसलेल्या धरणग्रस्तांच्या घरात, घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत अशा आजी, आत्या आणि चुलत्या आज आहेत, ज्यांना पन्नास ओव्या सहज आठवतात आणि ज्यांना कोणी विचारलेले नाही. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी स्त्री असेल त्यांनी या दिवाळीत, भाऊबीजेला माहेरवाशिणी जमतील तेव्हा, तिच्यापाशी बसावे. ओवी जशीच्या तशी, शुद्धलेखनाची दुरुस्ती न करता उतरवावी. तिच्याखाली तिचे नाव, माहेर, सासर आणि ती ओवी ती कोणत्या प्रसंगी म्हणे ते लिहावे. आणि वहीची एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवावी.