तेलाची नळी व तिचे सांधे

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं आम्ही आमच्या जुन्या बुलेटवरून माळशेज घाट उतरत होतों. मागें धाकटे बंधू बसले होते. एका वळणावर उजव्या पायास ऊब लागली, म्हणून खालीं पाहिलें तों बूट तेलानें माखलेला. आणि तेवढ्यांत मागचें चाक हातभर सरकलें. सुदैवानें गाडी कठड्याकडे न जातां डोंगराच्या बाजूस कलंडली व दोघांचेंही खरचटण्यावर निभावलें. उठून पाहतां दोष सांपडला तो करंगळीहूनही बारीक अशा एका नळींत. त्या नळीविषयीं, व तिच्या जागीं आम्ही पुढें बसविलेल्या पोलादी विणीच्या नळीविषयीं चार गोष्टी सांगण्याचें येथें योजिलें आहे. कारण आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बरेच जण आज ना उद्यां मोटारसायकलवर बसणार, व हौसेनें तिच्यावर खर्चही करणार.

बुलेटचें बिडाच्या सिलिंडराचें जुनें एंजिन मूळ इंग्लंडांतलें. १९५५ सालीं मद्रासेस या गाड्यांची जुळणी सुरू झाली. या एंजिनांतील पंप तेल खेळवितो, व त्यांतील कांहीं भाग बाहेरच्या बाजूनें गेलेल्या एका बारीक धातूच्या नळींतून माथ्याकडे चढतो. तेथें नळीस दोन फांटे फुटतात, व झडपा उघडणाऱ्या दोन रॉकरांस तेल मिळतें. प्रत्येक टोंकास कड्यासारखें तोंड असतें. त्यांतून एक पोकळ बोल्ट जातो, आणि कड्याच्या दोहों अंगांस तांब्याची एकेक वॉशर असते. ही नळी तुटली तर दुहेरी अनर्थ होतो: वर रॉकर कोरडे पडून झिजतात, आणि खालीं तेल चाकावर उतरतें.

ती तुटते कां? एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असतां दट्ट्या सेकंदास ५० वेळां खालींवर होतो, व प्रत्येक वेळीं सबंध एंजिन थरथरतें. ताठ नळीस ही थरथर सोसून घेतां येत नाहीं. ती सगळी सांध्यावर येते, व धातूस हळूहळू शीण येऊन तेथें केसाएवढी चीर पडते. आमची नळी पूर्वीं एकदां अशीच चिरली होती. तेव्हां आम्ही तिला डाख देऊन घेतली, आणि काम झालें असें मानलें. तो डाख घाटांत सुटला. चूक नळीची नव्हती, आमच्या काटकसरीची होती.

नवी नळी लवचीक असते. तिच्या आंतील अस्तर बहुधा टेफ्लॉनचें किंवा कृत्रिम रबराचें असतें. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांवर असतो तोच पदार्थ. तो १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट यांस शीतकरणाच्या वायूंवर प्रयोग करीत असतां अकल्पितपणें सांपडला. तो सुमारें २६० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता सोसतो, व तेलानें फुगत नाहीं. त्यावर निष्कलंक पोलादाच्या बारीक तारांची वेणीसारखी वीण असते. या पोलादांत क्रोमियम असतें; हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर अदृश्य असा पापुद्रा बनतो, आणि त्यायोगें गंज रोखला जातो. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रीअर्ली यांनीं असें पोलाद ओतलें होतें.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. विणीच्या नळीनें तेलाचा दाब वाढत नाहीं, कीं गाडी अधिक वेगानें धांवत नाहीं. रॉकरांकडे जाणाऱ्या तेलाचा दाब अल्पच असतो; त्याच्या कितीतरी पट दाब ही वीण सोसूं शकते. खरा लाभ एवढाच कीं, ती थरथर स्वतः पचविते व सांध्यावर येऊं देत नाहीं. परंतु सांधाच जर नीट केला नाहीं, तर हा लाभ व्यर्थ होय.

म्हणून बसवितांना पुढील गोष्टी पाळाव्या. नळीचा आंतील व्यास मूळ नळीइतकाच ठेवावा. कापण्यापूर्वीं त्या जागीं चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी, नाहींतर तारा विस्कटतात; बारीक दातांच्या करवतीनें सरळ कापावें, आणि आंतील कीस फुंकून, धुऊन काढावा. तारेचा एक तुकडा आंत राहिला तरी तो तेलाचें छिद्र बुजवूं शकतो. आटे असलेल्या सांध्यांत कांहींचा शंकु ३७ अंशांचा, तर कांहींचा ४५ अंशांचा असतो. दोन्ही डोळ्यांस सारखेच दिसतात, कित्येकदां एकमेकांत फिरतातही. परंतु तेल धरीत नाहींत. अशा शंकूच्या सांध्यावर सीलची पट्टी गुंडाळूं नये. तेथें धातूच धातूस भिडून तेल अडवितो, व पट्टीचा धागा मात्र आंत जातो. तांब्याच्या वॉशरी नव्या घ्याव्या. त्या न मिळाल्यास जुन्या लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकाव्या; पोलादाप्रमाणें तांबें त्यानें कठीण न होतां मऊच पडतें. नळीस पीळ देऊं नये, थोडी सैल ठेवावी, आणि तारांपासून व रंगापासून दूर बांधावी. कारण ही वीण कानशीप्रमाणें शेजारच्या वस्तू घासून खाते.

शेवटीं एंजिन मंद चालवून वरचा पोकळ बोल्ट किंचित् सैल करावा. तेथें तेल पाझरलें म्हणजे माथ्यापर्यंत पोहोंचलें असें समजावें, व बोल्ट पुन्हां आवळावा. अति आवळल्यास मात्र पोकळ बोल्ट तुटतो. पहिल्या प्रवासानंतर प्रत्येक सांधा कोरड्या फडक्यानें पुसून पाहावा. विणीखालीं अस्तर चिरलें तर तें बाहेरून दिसत नाहीं. फडक्यास लागलेला ओलावाच काय तें सांगतो.

आमच्या गाडीची नवी नळी चांगलीच चकाकते, व मुलें कौतुकानें ती पाहतात. आम्ही मात्र घाट उतरण्यापूर्वीं वाकून तिचीं टोंकें पाहतों. तुम्हीही आपल्या वाहनाची शोभा पाहण्यापूर्वीं त्याचे सांधे पाहण्याची संवय लावून घ्यावी, एवढीच आमची विनंती.