दोन अठरा आणि एक संशय

शनिवारी रात्री मेसमधून आलो की आम्ही सहा जण एका रूमवर जमतो. शेजाऱ्यांना वाटतं पत्ते चाललेत. खरं तर चालू असतं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला हा खेळ. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं गोष्ट चालवायची, आणि पात्राला काय जमलं, काय फसलं ते फाशांनी ठरवायचं. आमच्यात गोष्ट मी चालवतो.

पात्राला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. मूळ नियम असा, की प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. म्हणजे 3 ते 18.

आता तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा 3 ते 18 च्या चिठ्ठ्या करून एक उचलली तर? मग प्रत्येक आकड्याला सारखीच संधी मिळेल. फाशांचं तसं नाही. तीन फासे 216 प्रकारे पडतात. त्यात 18 फक्त एकदा, पण 10 आणि 11 प्रत्येकी 27 वेळा. आपल्या वर्गासारखंच, बरेचसे मधले, टॉपर एखादाच.

आमच्यात पाथर्डीचा एक जण नवीन आला. नियमांचं पुस्तक मीच त्याला दिलं होतं. त्यानं शुक्रवारी रूमवर एकट्यानं फासे टाकले आणि कागद घेऊन आला : 18, 18, 14, 13, 12, 9. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. सहा गुणांत निदान दोन अठरा येण्याची शक्यता साधारण 3150 मध्ये एक! सगळ्यांसमोर म्हणालो, “फेकू नकोस.” तो काही बोलला नाही. कागद घडी करून निघून गेला. पुढचे दोन शनिवार आला नाही. मेसमध्येही दुसऱ्या टेबलावर बसायला लागला.

नंतर पुस्तक परत आलं, तेव्हा चाळताना माझंच चुकल्याचं कळलं. त्यात दुसरी रीत होती, 1979 पासूनची आणि आजही चालणारी : चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. त्यानं तसंच केलं होतं. चार फासे 1296 प्रकारे पडतात. किमान तीन षटकार पडले की 18, आणि तसे 21 प्रकार आहेत. सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या जवळ जाते. दोन अठरांची शक्यता होते 265 मध्ये एक.

तरी दुर्मिळच ना? हो. पण दुर्मिळ म्हणजे खोटं नव्हे. प्रामाणिकपणे टाकले तर असं किती वेळा घडेल, एवढंच माझं गणित सांगत होतं. हा मुलगा खोटं बोलेल का, हे त्यात कुठंच नव्हतं. आणि फासे सगळ्यांसमोर टाकायचे, हा नियम मी कधी केलाच नव्हता.

त्याच्या रूमवर गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, “आमच्याकडं चिंचोक्यांनी पट खेळतात. चिंचोके सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात, म्हणून भांडण होत नाही. तू तसं आधी सांगायचं होतंस.”

आता चार फासे, आणि तेही चटईवर, सगळ्यांसमोर. नको म्हटलं तरी त्यानं स्वतःचे आकडे पुन्हा टाकले. सगळ्यात मोठा 15 आला, सगळ्यात लहान 6. तो सहा त्यानं ‘छाप’ला दिला. त्यामुळं त्याचा पैलवान गोष्टीत कुणाशीही बोलायला गेला की हमखास भांडण ओढवून घेतो, आणि सगळ्यांत जास्त मजा त्याच्यामुळंच येते.

तुम्हीही या एखाद्या शनिवारी. फासे आमच्याकडे आहेत, चटई तेवढी आणा.