80 हजारांचा फोन की 80 हजारांचं भांडवल? आधी हे गणित समजून घ्या



पगार 20 हजार, खिशात फोन 80 हजारांचा. असं आपल्या आजूबाजूला तुम्ही नक्की पाहिलं असेल. आपण त्याला हसतो, "ऋण काढून सण" म्हणतो आणि पुढे जातो. पण व्यवसाय करायचा असेल तर नुसतं हसून चालणार नाही. लोक असं का करतात हे समजलं, तर तुमचा खिसाही वाचेल आणि तुमचं गिऱ्हाईकही तुम्हाला कळेल.

माणूस नक्की काय विकत घेतो?

2008 साली आयफोनसाठी 'आय ॲम रिच' नावाचं एक ॲप आलं होतं. किंमत 999.99 डॉलर. ते करायचं काय? स्क्रीनवर एक लाल चमकता खडा दाखवायचं. बस्स, एवढंच! ॲपलने ते लगेच काढून टाकलं, पण तोपर्यंत आठ जणांनी ते घेतलं होतं. त्या पैशात त्यांना मिळालं काय, तर "मला हे परवडतं" असं दाखवायची सोय.

ही गोष्ट नवी नाही. थॉर्स्टाईन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1899 मध्येच याबद्दल पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की संपत्ती नुसती असून मान मिळत नाही, ती लोकांना दिसावी लागते. म्हणून माणूस दिसेल असा खर्च करतो. आपल्याकडे लग्नातला मांडव आणि अंगावरचं सोनं हेच काम करत आलं आहे.

मग फोनच का?

याची तीन साधी कारणं आहेत.

पहिलं, फोन सगळीकडे सोबत असतो. घर कुणी बघायला येत नाही, बँकेचं पासबुक आपण कुणाला दाखवत नाही. पण चहाच्या टपरीवर, मीटिंगमध्ये, लग्नात फोन टेबलावर असतो आणि मागचा लोगो लांबूनही ओळखू येतो.

दुसरं, मोठ्या वस्तूंमध्ये हीच सगळ्यात स्वस्त आहे. श्रीमंत माणसाची गाडी किंवा बंगला आपण घेऊ शकत नाही. पण त्याच्या हातात जो फोन आहे, तोच फोन हप्त्यावर घेता येतो. त्या एका बाबतीत तरी बरोबरी होते!

तिसरं, किंमत हप्त्यात लपते. 80,000 ऐकल्यावर छातीत धस्स होतं. "महिन्याला फक्त 3,333, चोवीस महिने" ऐकलं की परवडेल असं वाटतं.

'नो कॉस्ट' हप्त्याचं खरं काय?

बँक फुकट पैसे देत नाही. बऱ्याचदा व्याजाएवढी सूट कंपनी किंवा दुकानदार देतो आणि बँक आपलं व्याज घेतेच. वर प्रोसेसिंग फी असू शकते, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो. रिझर्व्ह बँकेने तर 2013 मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर आक्षेप घेतला होता. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: "रोख दिले तर किती कमी करणार?" जी रक्कम कमी होईल, तीच त्या हप्त्याची खरी किंमत.

आता तुमचं गणित

फोनची किंमत रुपयांत मोजू नका, तुमच्या मालात मोजा. समजा तुम्ही डबे पुरवता आणि एका डब्यामागे 15 रुपये सुटतात. 80,000 भागिले 15, म्हणजे 5,333 डबे. रोजचे 30 डबे जात असतील तर साधारण सहा महिन्यांची कमाई एका फोनमध्ये!

आता दुसरी बाजू बघा. 20 हजारांचा चांगला फोन घेतला आणि उरलेले 60 हजार मालात घातले. 10 टक्के सुटतात आणि माल महिन्यातून एकदा फिरतो असं धरा. महिन्याला 6,000 सुटले, आणि मूळ 60 हजार तसेच हातात. फोनची किंमत मात्र डबा उघडल्यापासून उतरायला लागते.

अजून एक. मुद्रा योजनेत 'शिशु' गटाचं कर्ज 50 हजारांपर्यंत मिळतं. म्हणजे छोटा धंदा सुरू करायला सरकार जेवढं कर्ज पुरेसं धरतं, त्यापेक्षा महाग वस्तू आपण खिशात घेऊन फिरतो. आणि तिचा हप्ता चुकला, तर सिबिलवर डाग पडतो. उद्या धंद्यासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक तोच डाग बघणार.

मग महाग फोन घ्यायचाच नाही का?

तसं नाही. तुम्ही लग्नाचे रील बनवता, फोनच्या कॅमेऱ्यावर दागिन्यांचे फोटो काढून विकता, तर तो फोन तुमचं अवजार आहे. तिथे कंजुषी नको. कसोटी एकच: हा फोन माझा हप्ता स्वतः कमवून देईल का? उत्तर आकड्यात देता आलं तर घ्या. "लोकांवर छाप पडते" एवढंच उत्तर असेल, तर थांबा. गिऱ्हाईक पहिल्या भेटीत फोन बघेलही, पण दुसऱ्यांदा येतं ते माल, भाव आणि वेळ बघून.

आणि हाच धडा उलटा वापरा. तुमच्या गिऱ्हाईकालाही मान हवा असतो. मिठाईचा सुबक बॉक्स, स्वच्छ पॅकिंग, बिलावर नीट लिहिलेलं त्याचं नाव, यावर थोडा खर्च करा. तो खर्च परत येतो.

आजचा गृहपाठ: वहीत तीन ओळी लिहा. माझ्या फोनची किंमत किती, माझ्या एका नगामागे सुटतात किती, आणि भागाकार किती. तो आकडा बघितल्यावर पुढचा फोन कोणता घ्यायचा, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज पडणार नाही.