असुरक्षित संकेतस्थळावरची खरेदी : पैसे कोणत्या वाटेने द्यावेत?

संकेतस्थळाचा पत्ता नुसत्या 'एचटीटीपी'ने सुरू होत असेल आणि त्यापुढे 'एस' नसेल, तर त्या पानावर भरलेली माहिती उघडी प्रवास करते. कार्डाचा क्रमांक, मुदत, घरचा पत्ता, पासवर्ड हे सगळे त्याच वायफायमध्ये शिरलेल्या तिऱ्हाइताला जसेच्या तसे वाचता येते. एवढेच नव्हे, तर त्याला ते पान वाटेतच बदलूनही टाकता येते. 'एस' असेल तर हीच माहिती सांकेतिक रूपात जाते. क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून 'एस' नसलेल्या पानांवर 'नॉट सिक्युअर' असा इशारा दाखवतो. हा इशारा दिसत असताना त्या पानावर कार्डाचा क्रमांक टाकू नये. या नियमाला अपवाद नाही.

उलट बाजू मात्र खरी नाही. 'एस' आहे म्हणजे दुकानदार प्रामाणिक आहे, असे होत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून सुरक्षा प्रमाणपत्रे फुकट देते आणि बनावट दुकानेही अशी प्रमाणपत्रे सहज मिळवतात. 'एस' असलेल्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाला लोक सचोटीची खूण समजू लागले, म्हणूनच २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकले. कुलूप फक्त वाटेची राखण करते. पलीकडे कोण बसले आहे, ते त्यावरून कळत नाही.

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या दक्षिणेला असलेल्या उतईसारख्या गावात हा प्रश्न नेमका समोर येतो. या पट्ट्यातल्या मराठी घरांना दिवाळी अंक, पंचांग, मराठी पुस्तके किंवा येवल्याची पैठणी हवी असेल, तर ती जवळच्या बाजारात मिळेलच असे नाही. मग पुण्या-नाशकाकडच्या एखाद्या लहान दुकानाचे संकेतस्थळ उघडले जाते. अशा दुकानाचा मालक सचोटीचा असतो, पण संकेतस्थळ कधीकाळी कुणाकडून तरी करून घेतलेले असते आणि प्रमाणपत्राची मुदत संपली तरी नूतनीकरणाकडे कुणाचे लक्ष नसते. त्याच वेळी फेसबुकवर निम्म्याहून कमी किमतीत पैठणी देणारी जाहिरात झळकते, तिचे पान चकचकीत असते आणि पत्त्यात 'एस'ही असतो. फोनच्या पडद्यावर दुसरे दुकानच जास्त भरवशाचे वाटते, हीच यातली मोठी अडचण आहे.

यावरचा पहिला उपाय दुकानाची ओळख पटवण्याचा. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क पानावर देणे बंधनकारक आहे. तिथे नुसता व्हॉट्सॲप क्रमांक असेल तर खरेदी तिथेच थांबवावी. पत्ता आणि फोन असेल तर सरळ फोन करावा. मराठी प्रकाशक पूर्वापार व्हीपीने पुस्तके पाठवत आले आहेत. पार्सल दारात आल्यावर पैसे देण्याची ही सोय लहान दुकानदारही पुष्कळदा करून देतो. पार्सलात काय आहे ते मात्र पैसे दिल्यावरच कळते, म्हणून अनोळखी दुकानाच्या महाग वस्तूसाठी हीसुद्धा पुरती खात्री नव्हे.

आगाऊ पैसे द्यायचेच असतील, तर 'पे' दाबल्यानंतर पत्त्याच्या पट्टीकडे नीट पाहावे. बहुतेक लहान दुकाने रेझरपे, पेयू यांसारख्या पेमेंट गेटवेकडे ग्राहकाला पाठवतात. गेटवेचे नाव अक्षर न अक्षर वाचावे, कारण असुरक्षित पानावरून बनावट गेटवेकडेही वळवता येते. दुकानाचेच पान कार्डाचा क्रमांक मागत असेल तर मागे फिरावे. यूपीआयचा पिन फक्त यूपीआयच्या ॲपमध्येच टाकायचा असतो. तो टाकण्याआधी तिथे दिसणारे खातेदाराचे नाव दुकानाशी जुळते का, हे तपासावे.

पैसे परत मिळण्याच्या दृष्टीने सगळ्या वाटा सारख्या नाहीत. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात माल न आल्यास बँकेमार्फत रक्कम परत (चार्जबॅक) मागता येते आणि तोवर बचत खात्याला धक्का लागत नाही. डेबिट कार्डातही चार्जबॅक आहे, पण पैसे आधीच खात्यातून गेलेले असतात. यूपीआयने दिलेली रक्कम क्षणात पलीकडे पोचते. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात थेट रक्कम पाठवणे हा सर्वांत वाईट मार्ग.

देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांना १ ऑगस्ट २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची झाली आणि पुढे ओटीपी अंगवळणी पडला. परदेशी विक्रेते मात्र पुष्कळदा ओटीपी मागत नाहीत. चोरलेला क्रमांक तिकडेच वापरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचा ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येतो, मर्यादाही ठरवता येते. आंतरराष्ट्रीय वापर बंदच ठेवावा. दीड हजाराची पुस्तके घ्यायची असतील तर मर्यादा दोन हजारांवर आणावी आणि खरेदी झाली की ऑनलाइन वापर बंद करावा. बँकेच्या ॲपमध्ये हे काम काही मिनिटांचे आहे आणि या लेखातल्या सगळ्या उपायांत सर्वांत जास्त उपयोगाचे.

एवढे करूनही न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर आधी बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला काहीही भुर्दंड पडत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर सर्वसाधारण बचत खात्यावर तो जास्तीत जास्त १०,००० रुपये. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. बनावट दुकानाला आपल्याच हाताने दिलेले पैसे या परिपत्रकाच्या आधाराने सहसा परत मिळत नाहीत. त्यासाठी १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता यावी म्हणून तिथे ताबडतोब फोन करायचा असतो.

दुकान खरे पण माल पाठवत नाही, अशा वेळी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही दाद लागली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू देतो. दुकान पुण्यात असले तरी उतईच्या ग्राहकाला पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. त्याची तक्रार दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होऊ शकते.