विश्लेषण: पॉइंट १७७ की पॉइंट २२? पहिली रायफल निवडताना काय पाहाल?

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकले. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारातील भारताचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक. असे पदक आले की घरातले एखादे मूल ‘मलाही नेमबाजी शिकायची आहे’ म्हणते आणि आईवडील मोबाइलवर रायफल शोधू लागतात. समोर येतात ते बहुतेक परदेशी व्हिडिओ. त्यात एकाच रायफलने कधी कागदी लक्ष्य, तर कधी ससे टिपलेले दिसतात. भारतात मात्र चुकीची रायफल घेतली, तर पैसे वाया जातातच, शिवाय गुन्हाही दाखल होऊ शकतो. त्यामुळे खरेदीआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पॉइंट १७७ आणि पॉइंट २२ म्हणजे काय?

हे नळीच्या आतील व्यासाचे इंचातील माप आहे. पॉइंट १७७ म्हणजे साधारण ४.५ मिलिमीटर आणि पॉइंट २२ म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर. खरा गोंधळ पुढे होतो. बाजारात पॉइंट २२ नावाच्या दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक एअर रायफल, जी हवेच्या दाबाने शिशाचा छरा सोडते. दुसरी बंदुकीच्या दारूवर चालणारी, काडतुसाची रायफल. नाव सारखे असले तरी ताकद आणि कायदा या दोन्ही बाबतींत त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

काडतुसाच्या रायफलीत सर्वाधिक वापरले जाणारे काडतूस म्हणजे ‘पॉइंट २२ लाँग रायफल’. ते १८८७ पासून वापरात आहे. धक्का कमी, आवाज बेताचा आणि इतर काडतुसांच्या तुलनेत स्वस्त, म्हणून ते जगभर सरावासाठी रुळले. कुसाळेचे पदकही याच काडतुसाच्या प्रकारातले. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत याच प्रकारातली. अभिनव बिंद्राचे २००८ चे सुवर्ण मात्र १० मीटर एअर रायफलचे, म्हणजे पॉइंट १७७ चे.

ताकदीत फरक किती?

साधे गणित करून पाहू. स्पर्धेच्या एअर रायफलचा छरा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने निघतो. त्याची ऊर्जा भरते जवळपास ८ जूल. पॉइंट २२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास. तिची ऊर्जा होते जवळपास १३७ जूल, म्हणजे सतरा पट.

अडवायला काही नसेल, तर ही छोटीशी गोळी एक किलोमीटरहूनही पुढे जाऊ शकते. म्हणून रायफल निवडताना पहिला प्रश्न ‘नेम किती अचूक लागेल’ हा नसतो. नेम चुकला तर गोळी कुठे जाऊन थांबेल, हा असतो. १० मीटरच्या एअर रायफल रेंजसाठी एक मोठी खोली आणि छरे अडवणारी भक्कम व्यवस्था पुरते. पॉइंट २२ साठी मातीचा उंच बांध असलेली मान्यताप्राप्त रेंजच लागते. शेत, माळरान किंवा गच्ची हा तिला पर्याय नाही.

परवाना कशाला लागतो?

व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० जूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक मर्यादा जरी ओलांडली, तरी परवाना लागतो. म्हणजे पॉइंट २२ ची एअर रायफल ‘हवेवरच तर चालते’ म्हणून विनापरवाना ठेवता येत नाही. ऑनलाइन खरेदी करणारे नेमके इथेच फसतात.

काडतुसाच्या रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना अनिवार्य आहे. त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. मात्र केंद्राची मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या सदस्याने सरावासाठी वापरलेली पॉइंट २२ रायफल या मर्यादेत धरली जात नाही. २१ वर्षांखालील खेळाडूंना नियमांच्या चौकटीत, देखरेखीखाली सराव करता येतो. थोडक्यात, पॉइंट २२ चा रस्ता क्लबच्या दारातून जातो.

मग शिकारीचे काय?

अमेरिका, ऑस्ट्रेलियात ससे आणि तत्सम लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी पॉइंट २२ वापरतात. तिथल्या व्हिडिओंमध्ये दिसते ते हेच. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार छंदाच्या शिकारीला जागाच नाही. ससा असो वा तितर, एअर रायफलने मारला तरी ती शिकारच. प्राणी मेला नाही, नुसता प्रयत्न केला, तरी कायद्याच्या व्याख्येत ती शिकारच ठरते. मोर किंवा बिबट्यासारख्या अनुसूची १ मधील प्राण्यासाठी किमान तीन ते कमाल सात वर्षांची कैद आहे. त्यामुळे ‘शिकारीसाठी कोणती रायफल घेऊ’ या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर एकच: कोणतीही नाही.

रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले तर?

हा छंदाचा नव्हे, पोटाचा प्रश्न आहे. रात्रीत उभे पीक झोपलेले पाहणाऱ्या शेतकऱ्याला पॉइंट २२ चा मोह होऊ शकतो. पण ही गोळी रानडुकरासाठी अपुरी आहे. डुक्कर जागीच पडत नाही. जखमी होऊन झाडीत शिरते आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर उलटते. पीक वाचवण्याच्या नादात जीव धोक्यात येतो.

कायद्यानेही या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या आहेत. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. कोकणात अनेक घरांत अशी परवान्याची बंदूक असते. पॉइंट २२ आणि एअर रायफलचा उल्लेख मात्र क्लब सदस्यांच्या सरावासाठी आहे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती हातात नसेल, तर नुकसान सोसलेला शेतकरीच आरोपी ठरतो.

पहिली एअर रायफल घेताना काय पाहावे?

- प्रकार: नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते. सुरुवातीच्या सरावाला ती ठीक, पण तिचा झटका नेम हलवतो. स्पर्धेसाठी दाबलेल्या हवेचे सिलिंडर असलेली रायफल लागते. आयात केलेली असेल तर खर्च लाखांत जातो.
- वजन आणि माप: स्पर्धेत एअर रायफलचे वजन ५.५ किलोपर्यंत चालते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते पेलेलच असे नाही. दस्त्याची लांबी आणि गालाचा आधार कमी-जास्त करता येतो का, ते पाहा. मूल डावखुरे असेल, तर दस्ता तसाच हवा.
- साइट: दुर्बिणीला भुलू नका. ऑलिम्पिक रायफल प्रकारात ती चालत नाही. बारीक छिद्रातून पाहायची पीप साइट लागते.
- छरे: कागदावर स्वच्छ गोल भोक पडण्यासाठी चपट्या तोंडाचे छरे घ्या.
- जुनी रायफल: सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्याला ठरावीक मुदत असते, बहुधा दहा वर्षे. मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरणे धोक्याचे.

पॉइंट २२ कडे कधी वळावे?

एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. उभे राहून, श्वास आवरून, चाप हळूच दाबणे तिथेच अंगवळणी पडते. ५० मीटरवर वारा, गोळ्यांच्या लॉटमधील फरक आणि गुडघ्यावर, पडून व उभे राहून नेम साधणे, अशी आव्हाने वाढतात. गोळ्यांचा खर्चही सतत चालू राहतो. एअर रायफलवर गुण स्थिरावले आणि प्रशिक्षकाने सांगितले, की मगच परवान्याची तयारी करावी.

घाई करू नका

सुरुवातीचे काही महिने रायफल विकत घेऊच नका. रेंजवरच्या रायफलीवर सराव करा. मुलाची आवड टिकते का आणि कोणते माप जमते, हे तिथे कळते. घरी रायफल आणलीच, तर ती कुलपात आणि छरे वेगळ्या ठिकाणी ठेवा. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणे ठरत नाही. तिचा एक छराही डोळा कायमचा घालवू शकतो.