‘सहा ओव्हरला किती?’ : सेशन आणि फॅन्सी सट्ट्याचं गणित समजून घ्या, मग ठरवा

वसई : आयपीएल सुरू झाली की संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये दर दुसऱ्या मोबाइलवर मॅच चालू असते. मॅच बघण्यात वावगं काहीच नाही. पण ‘सहा ओव्हरला ४८ लागतील का’, ‘या ओव्हरमध्ये विकेट पडेल का’ यावर पैसे लावणं ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी त्यासाठी बुकी शोधावा लागायचा. आता व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर ‘आयडी घ्या, पहिल्या डिपॉझिटवर बोनस’ असे मेसेज थेट आपल्या हातात येतात. दहा-वीस रुपयांपासून सुरुवात होते, म्हणून धोका जाणवत नाही. हा खेळ नेमका चालतो कसा आणि पैसे जातात कुठे, ते साध्या हिशोबाने बघूया.

मॅचवर नाही, घटनेवर सट्टा

कोण जिंकणार यावरचा सट्टा जुना. आता मॅचमधल्या प्रत्येक घटनेवर भाव निघतो. टॉस कोण जिंकणार, सहा किंवा दहा ओव्हरला किती धावा, पुढच्या बॉलवर चौकार की डॉट, कोण पन्नास मारणार. आपल्याकडे याला सेशन किंवा फॅन्सी म्हणतात, परदेशात प्रॉप बेट.

टी-ट्वेंटीत दोन्ही डाव मिळून २४० बॉल. मॅचच्या निकालावर माणूस एकदाच पैसे लावतो, इथे मात्र दर मिनिटाला लावता येतात. निकाल लगेच लागतो, त्यामुळे विचार करायला वेळच मिळत नाही. आयडीवाल्याची खरी कमाई इथूनच सुरू होते.

‘४६-४८’ म्हणजे काय?

समजा सहा ओव्हरचा भाव ४६-४८ आहे. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर ४८ किंवा जास्त धावा व्हायला हव्यात. ‘नाही’ म्हणालात तर ४६ पेक्षा कमी. मग ४६ किंवा ४७ धावा झाल्या तर? ‘हो’वाला हरला आणि ‘नाही’वालाही हरला. दोघांचे पैसे बुकीकडे. ही दोन धावांची फट बघायला छोटी आहे, पण दर सेशनला ती असतेच.

टॉसचं बघा. नाण्याला दोनच बाजू, शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे १०० रुपये लावून जिंकल्यावर स्वतःचे १०० धरून २०० परत मिळायला हवेत. पण समजा भाव १.९० आहे, म्हणजे १९० परत मिळतात. आता १०० वेळा १०० रुपये लावले तर गेले १०,०००. त्यातल्या साधारण ५० वेळा जिंकलात तर आले ९,५००. नशीब ना चांगलं ना वाईट, तरी ५०० रुपये कमी.

शंभराला पाच रुपये म्हणजे फार नाही असं वाटेल. पण एका मॅचमध्ये १०० रुपयांचे २० डाव लावले तर उलाढाल २,००० आणि सरासरी तोटा १००. आयपीएलच्या ७४ मॅच धरल्या तर ७,४०० रुपये. चार घटना एकत्र जोडून ‘सगळ्या बरोबर आल्या तर मोठं बक्षीस’ अशी ऑफर असते, तिथे तर कात्री आणखी मोठी. प्रत्येक घटनेत पाच टक्के कापले की चार घटनांत १०० चे सरासरी ८१ च उरतात.

‘पण मला क्रिकेट कळतं’

हा मुद्दा खोटा नाही. भावापेक्षा खरी शक्यता जास्त असेल तर त्या डावात हिशोबाने फायदा असतो. उदाहरणार्थ, ‘या ओव्हरमध्ये विकेट’ याला चौपट भाव आहे. अशी ओव्हर चारपैकी एकदा तरी आली तरच बरोबरी होते. पाचात एकदा येत असेल, तर कधीतरी चौपट मिळूनही शेवटी तोटाच.

प्रश्न असा की खरी शक्यता कोणाला जास्त माहीत आहे? भाव ठरवणाऱ्याकडे हजारो मॅचची आकडेवारी आणि मैदानातून येणारी ताजी माहिती असते. आपल्या मोबाइलवर बॉल दिसतो तो काही सेकंद उशिरा. आपल्याला बॉल टाकताना दिसतो, तेव्हा मैदानात तो टाकून झालेला असतो.

आपल्या विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये एका डावात ५४६ धावा केल्या. तो डाव सुरू होताना मोठ्यातल्या मोठ्या जाणकारालाही हा आकडा सांगता आला नसता. खेळाची मजा त्यातच आहे, आणि सट्ट्याचा धोकाही त्यातच.

एक बॉल विकत घेता येतो

अख्खी मॅच फिक्स करायला बरेच खेळाडू लागतात. एका बॉलसाठी एकच पुरतो. २०१० मध्ये लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानच्या मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफने आधी ठरवून नो-बॉल टाकले. २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्या दोघांना, कर्णधार सलमान बट याला आणि त्यांच्या एजंटला तुरुंगात पाठवलं. आयपीएलमध्ये मे २०१३ ला ठरावीक ओव्हरमध्ये ठरवून धावा दिल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली. २०१५ मध्ये न्यायालयाने तिघांना आरोपमुक्त केलं, पण बीसीसीआयने त्यांच्यावर बंदी घातली होती.

सगळ्यात मोठी गंमत गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावची. २०२२ मध्ये तिथे शेतात खेळपट्टी आणि दिवे लावून चक्क बनावट आयपीएल भरवली गेली. शेतमजूर आणि बेरोजगार तरुणांना टीमच्या जर्सी घालून खेळवलं, मॅच यूट्यूबवर दाखवली, आणि रशियातले लोक त्यावर पैसे लावत होते. चौकार कधी मारायचा, आउट कधी व्हायचं, ते वॉकीटॉकीवरून सांगितलं जायचं. पैसे लावणाऱ्याला वाटत होतं, आपण खेळ ओळखतोय.

आपल्या भागातल्या टेनिस बॉल स्पर्धाही आता यूट्यूबवर लाइव्ह असतात. अनोळखी माणूस ‘प्रत्येक बॉलचा स्कोअर आम्हाला कळवा, पैसे देतो’ म्हणाला, तर मंडळांनी तिथेच सावध व्हावं.

कायदा काय सांगतो?

केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्यानंतर ड्रीम ११ सारख्या कंपन्यांनीही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण आपल्या राज्यात १८८७ चा जुगारबंदी कायदाही आहे, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. तुम्ही जिंकलात आणि आयडीवाल्याने पैसे दिले नाहीत, तर कोर्टात वसुलीचा दावा करता येत नाही. उधारीवर हरलात तर त्यालाही तुमच्यावर दावा करता येत नाही. म्हणूनच वसुली धमकीने होते.

खातं भाड्याने देऊ नका

‘फक्त पासबुक, एटीएम आणि सिम द्या, महिन्याला पैसे घ्या’ असं कोणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवले जातात. तक्रार झाली की खातं गोठवलं जातं. मग त्यात येणारा पगार, अनुदान, पीक विम्याचे पैसेही अडकतात, आणि चौकशीला आधी खातेदारालाच बोलावतात.

अडकला असाल तर

• हरलेले पैसे काढण्यासाठी डाव दुप्पट करू नका. १०० पासून दुप्पट करत सलग सहा वेळा हरलात तर ६,३०० रुपये जातात आणि सातव्या डावाला ६,४०० लागतात.
• घरात एका तरी माणसाला खरा आकडा सांगा. कर्ज लपवण्यासाठी दुसरं कर्ज, लोन ॲप, बायकोचे दागिने, ही साखळी तिथेच तुटते.
• पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचे नंबर जपून ठेवा.
• धमकी येत असेल तर ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा.
• झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरातला मुलगा मॅच बघताना सारखा मोबाइल पालथा ठेवत असेल, चौकार बसला तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंद नसेल, तर ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘किती गेले?’